हात, हत्यार आणि रॅकेट



चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा वेतन, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो, आणि ज्यांनी ते खरोखर ऐकायला हवे ती मालक मंडळी तेथे कधी फिरकत नाहीत. आपण मात्र वसंतातल्या संध्याकाळी, घरची कामे आटोपून हौसेने येथे आला आहात. म्हणून आम्ही विषय कळवला : बॅडमिंटनची रॅकेट. तासाभराने एका चालकांचा फोन आला, "अण्णा, विषय बरोबर ऐकू आला ना आम्हाला?" बरोबर ऐकू आला होता.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण लेथपाशी, आणि त्यानंतरचे युनियनच्या कचेरीतील एका लोखंडी कपाटात, जेथे कायद्याच्या पुस्तकांशेजारी कोणीतरी आयटीआयची यंत्रशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके ठेवून गेला होता. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. पण ज्याचा जन्म हत्यारांत गेला त्याला हत्याराविषयी चार गोष्टी कळतात, आणि रॅकेट हे हत्यारच आहे. आमच्या कचेरीमागे एक पत्र्याचे गोदाम आहे. त्यात आम्ही एक कोर्ट आखले. छपराच्या कैच्या खाली असल्यामुळे उंच मारलेले फूल त्यांना अडकते, तरीही संध्याकाळी पाळी सुटली की तेथे बारा-पंधरा जण जमतात. तेथे जे पाहिले आणि करून पाहिले, तेच आज सांगणार आहोत.

प्रथम या खेळाचे आणि आपले नाते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच दशकात त्याच पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी जाळे बांधून पिसांचे फूल टोलवीत होते. त्या खेळाला ते 'पूना' असेच म्हणत, आणि त्याचे आरंभीचे नियमही तेथेच लिहिले गेले. पुढे विलायतेत ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. नाव वाड्याचे लागले आणि गावाचे पुसले गेले, असे व्हायचेच. इंग्रजीत फुलाला शटलकॉक म्हणतात. त्यातले 'शटल' म्हणजे मागावरचा धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे जाणारा. विणकरांच्या गावांतून आलेली आमची मंडळी हे ऐकून फार खूष होतात.

आता समोर मेजावर पाहा. चार रॅकेट ठेवल्या आहेत. पहिली सबंध लाकडाची, चौकटीच्या शिकंज्यात आवळलेली. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना हा शिकंजा आठवत असेल. चार कोपऱ्यांना चार स्क्रू आणि फुलपाखरी नट. खेळ संपला की रॅकेट त्यात घालून नट आवळायचे, नाहीतर पावसाळ्यात लाकूड वाकून रॅकेटची पुरी फुगायची. दुसरी लाकडी चौकटीची पण पोलादी दांड्याची. तिसरी आणि चौथी कार्बन तंतूंच्या, आजच्या. नियम सांगतात की रॅकेट लांबीला ६८० आणि रुंदीला २३० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, आणि जाळीचा भाग २८० बाय २२० च्या आत असावा. वजनाविषयी नियम काहीच बोलत नाहीत. ती जागा त्यांनी खेळणाराच्या हातावर सोडली आहे, आणि आमचे सगळे व्याख्यान त्या रिकाम्या जागेतले आहे.

लाकडी रॅकेट १२० ग्रॅमच्या पुढे जाई. आजच्या कार्बनच्या रॅकेट बहुतेक ७५ ते ९० ग्रॅमच्या दरम्यान असतात. दुकानात दांड्याच्या बुडाशी ३यू, ४यू, ५यू असे छापलेले दिसते. आकडा वाढतो तसे वजन कमी होते : ३यू म्हणजे साधारण ८५ ते ९० ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८५, ५यू म्हणजे ७५ ते ८०. या उलट्या गणिताने पुष्कळांची फसगत होते. मुठीच्या जाडीचेही काही कंपन्यांत तसेच उलटे : जी४ पेक्षा जी५ बारीक.

लाकडी रॅकेट वापरणारांचा खेळ त्या लाकडाने घडवला होता. जड रॅकेट ऐन वेळी झटक्याने फिरवता येत नाही. तिला आधीपासून मागे न्यावे लागते, लांब फेरा द्यावा लागतो, आणि एकदा निघाली की तिच्या वेगाला वाट द्यावी लागते. म्हणून ती माणसे पायांनी लवकर पोहोचत आणि फुलाखाली उभी राहून, वाट पाहून, मारीत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकले. परदेशात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला ते त्यांच्या फसव्या, डौलदार फटक्यांविषयी बोलताना अजून हात हवेत फिरवतात. तो डौल त्यांच्या अंगचा होता हे खरेच. पण त्या काळच्या रॅकेटने त्यांच्याकडून जी वाट पाहण्याची शिस्त मागितली, तिचाही त्यात वाटा असावा असे आम्हाला वाटते.

पुढे पोलादी दांडा आला, ॲल्युमिनियम आले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन आला. या बदलात एका जपानी कारखान्याची गोष्ट आम्हाला नेहमी सांगावीशी वाटते. निगाता प्रांतात मिनोरू योनेयामा नावाच्या गृहस्थाने १९४६ साली लाकडी वस्तूंचा धंदा सुरू केला. मासेमारीच्या जाळ्यांना लागणारे लाकडी तरंगते गोळे तो करी. प्लॅस्टिकचे गोळे आले आणि त्याचा माल कोणी घेईना. हातात लाकूडकामाचे कसब होते, म्हणून १९५७ पासून त्याने बॅडमिंटनच्या रॅकेट करायला घेतल्या. आज दुकानोदुकानी दिसणारे योनेक्स हे नाव त्याच्याच आडनावावरून आले. नव्या मालाने धंदा बुडाल्यावर दुसरे काही करायला मालकाला भांडवल मिळते. आमच्या गावातल्या बंद मागांवरच्या विणकरांना ते कोणी दिले नाही; पण तो विषय गेटसभेचा.

आता मुद्द्यावर येऊ. नवशिक्या फिटरला हातोडी निवडायला सांगा. तो ती तळहातावर तोलून पाहील. जुना फिटर तसे करीत नाही. तो ती दांड्याला धरून एकदा हवेत फिरवील. कारण हातोडीचे वजन एक आणि फिरत्या हातोडीचे वजन दुसरे. तीच हातोडी उलटी करून डोक्याशी धरा आणि दांडा फिरवा, खेळण्यासारखी हलकी लागेल. वजन एका गुंजेने कमी झालेले नाही. ते हातापासून किती दूर आहे, यावर सारे अवलंबून. आणि हे अंतर साधे मोजून चालत नाही, त्याचा वर्ग करावा लागतो. मुठीच्या बुडापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे रॅकेटच्या माथ्याजवळ, ठेवलेला एक ग्रॅम हा १० सेंटिमीटरवर ठेवलेल्या एका ग्रॅमच्या छत्तीसपट फिरवायला जड जातो.

म्हणून ८८ ग्रॅमची एखादी रॅकेट ८३ ग्रॅमच्या दुसरीपेक्षा चपळ वाटू शकते. दुकानदार रॅकेट आडवी बोटावर तोलून दाखवतात. तोल मुठीच्या टोकापासून सुमारे २९५ मिलिमीटरच्या पुढे असला तर माथ्याकडे जड, २८५ च्या अलीकडे असला तर माथ्याकडे हलकी, मधली ती समतोल, असा ढोबळ हिशेब आहे. पण या हिशेबाला एक खोडी आहे. समजा, रॅकेट ८५ ग्रॅमची आणि तोल २९५ वर. आपण मुठीवर घाम टिपणारी जाड टॉवेलची पट्टी गुंडाळली, १० ग्रॅमची. बोटावर तोलून पाहा : तोल २७२ च्या आसपास येईल, आणि आपण म्हणू, वा, रॅकेट हलकी झाली! प्रत्यक्ष फिरवताना काडीचाही फरक पडलेला नसतो, कारण ते १० ग्रॅम हाताच्या आतच आहेत. उलट माथ्यावर दोन ग्रॅमची पट्टी चिकटवा, आणि दहाव्या फटक्याला मनगट तक्रार करील. अशी वजनाची पट्टी चिकटवायला नियमांची हरकत नाही, ती बेताची असली म्हणजे झाले. तेव्हा तराजूवर आणि बोटावर फार विसंबू नये. फिरवून पाहावे.

गोदामात आम्ही एक गंमत करीत असतो. कार्बनच्या दोन रॅकेटवरची नावे काळ्या चिकटपट्टीने झाकतो आणि मंडळींना पंधरा-पंधरा मिनिटे खेळायला देतो. एक माथ्याला जड आणि ताठ दांड्याची. दुसरी माथ्याला हलकी आणि लवचिक दांड्याची. नावे झाकली म्हणजे किंमत झाकली जाते आणि माणूस खरे बोलतो. आमचा एक टर्नर आहे, चाळिशीचा, मोजक्या हालचालींचा. ताठ रॅकेट हातात घेऊन चार टॉस मारले आणि म्हणाला, "अण्णा, ही काय बोलतच नाही बघा. दगडानं दगड मारल्यागत लागतंय." लवचिक हातात दिली तर फूल मागच्या रेषेपर्यंत जाऊ लागले. मग आमच्यातला एक पोरगा, विशीतला, खांद्यात जोर असलेला. त्याने लवचिक घेतली आणि त्याचे स्मॅश सगळे रेषेच्या बाहेर. "अण्णा, हिचं डोकं मागं राहतंय. मी मारतो तवा ती येतच नाही."

दोघांनीही पुस्तकात लिहिण्यासारखे सांगितले. फटका मारताना हात पुढे जातो आणि दांडा वाकून माथा क्षणभर मागे राहतो. मग तो सरळ होत पुढे झेपावतो. लवचिक दांड्याला सरळ व्हायला जास्त वेळ लागतो. सावकाश, सलग फिरणाऱ्या हाताला हा वेळ मिळतो आणि झेप फुलाला लागते. झटक्याने फिरणाऱ्या हाताला तो मिळत नाही, माथा मागे असतानाच फूल भेटते आणि वाट चुकते. ताठ दांड्याचे उलट : तो वाकण्यासाठीच पुरेसा वेग लागतो, वेग नसेल तर मुका. एक मात्र सांगितले पाहिजे. फुलाला वेग देण्यात दांड्याच्या झेपेचा वाटा थोडा असतो, फार मोठा वाटा हाताचा. जाहिराती हे प्रमाण उलटे करून सांगतात. २०२३ साली आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर अशी जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. तो वेग रॅकेटपासून फूल सुटतानाचा आहे. पिसांना हवा इतकी अडवते की पलीकडे पोहोचेतो त्याचा मोठा भाग उरत नाही. तीच रॅकेट आमच्या टर्नरच्या हातात दिली तर गोदामाचे पत्रे काही फाटणार नाहीत.

आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. मुकादमाची ही फार आवडती म्हण. माल बिघडला की यंत्राकडे बोट दाखवणाऱ्या कामगाराला तो ती ऐकवतो. चाळीस वर्षांच्या कामात आम्ही हे पाहिले आहे की कधी नाचणारा वाईट असतो, आणि पुष्कळदा अंगण खरोखर वाकडे असते. यंत्राचा कठडा चार बोटे उंच असला म्हणून पाठ गेलेली माणसे आमच्या माहितीची आहेत. रॅकेटच्या बाबतीतही दोन्ही बाजू आहेत. प्रश्न एवढाच, की हातानुसार हत्यार बदलायचे किती आणि हत्यारानुसार हात बदलायचा किती.

हात कसा बदलावा, ते आधी सांगतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. पुष्कळांची समजूत अशी की बॅडमिंटन मनगटाचा खेळ. मनगट झटकण्यापेक्षा कोपरापासूनचा हात आतल्या अंगाला पिळला जातो, किल्ली फिरवताना पिळतो तसा, आणि त्यात खांदाही फिरतो. वेग तेथून येतो. बोटे सैल असतात आणि फुलाला भेटण्याच्या क्षणी आवळतात. हे एवढे समजले तर कोणतीही रॅकेट हातात आली तरी निम्मे काम झाले.

माथ्याला जड रॅकेट असेल तर मागच्या रेषेवरून मारताना जोर लावू नये. हात सैल ठेवून माथ्याचे वजन काम करू द्यावे. आपण फक्त शेवटी आवळायचे. पण तीच रॅकेट घेऊन बचावाला उभे राहिलात तर तिची खरी किंमत द्यावी लागते. समोरून स्मॅश आला की माथा वळवायला वेळ पुरत नाही. तेथे मूठ बोटभर वर सरकवून धरावी, कोपर अंगापुढे काढावे, रॅकेट कमरेच्या वर तयार ठेवावी आणि फेरा अगदी लहान करावा, फूल ढकलावे इतकाच. प्रत्येक फटक्यानंतर रॅकेट लगेच वर आणण्याची सवय लावावी, कारण खाली गेलेला जड माथा वर आणायला जो वेळ लागतो त्यातच गुण जातो.

माथ्याला हलकी असेल तर सगळे पालटते. बचाव आणि जाळ्यावरून सपाट मारा, यांत ती माशासारखी वळते. पण मागून टॉस मारताना ती मदत करीत नाही. तेथे मूठ अगदी टोकाला धरावी, फूल अंगाच्या पुढे आणि उंच भेटावे, हाताचा पीळ पूर्ण करावा. स्मॅशमध्ये जोरापेक्षा उताराचा कोन आणि जागा पाहावी. जाळ्यापाशी ड्रिबल करताना दांडा वाकतच नाही, म्हणून तेथे ताठ-लवचिकचा भेद राहत नाही. तेथे जाळीचा ताण आणि बोटे. इंडोनेशियाची मार्कस गिडिऑन आणि केविन संजया ही जोडी गाजत होती तेव्हा, २०१८ साली, त्यांच्या कंपनीने एकाच नावाच्या दोन रॅकेट काढल्या. मागून मारणाऱ्यासाठी एक आणि जाळ्याजवळच्या चपळ गड्यासाठी दुसरी. एकाच कोर्टावर, एकाच बाजूला उभ्या असलेल्या दोघांचे काम निराळे, म्हणून हत्यार निराळे. कारखान्यातही टर्नर आणि फिटर यांना कोणी एकच पान्हा देत नाही.

रॅकेट बदलली तर सवय कोणत्या क्रमाने करावी? बहुतेक जण नवी रॅकेट घेतली की पहिल्याच दिवशी स्मॅश मारून पाहतात. आम्ही उलटे करवतो. आधी जाळ्यावरचे लहान फटके आणि आखूड सर्व्हिस, कारण अंतराचा अंदाज तेथे सर्वांत आधी बिघडतो. मग ड्रॉप, मग टॉस, आणि स्मॅश अगदी शेवटी, आठवड्याने. साधारण पंधरा दिवसांत हात बसतो. महिन्याला रॅकेट बदलणाऱ्याचा तो कधीच बसत नाही.

आता हत्यार कुठे बदलावे, ते. स्वस्तात बदलता येणाऱ्या दोन गोष्टी आहेत : मुठीची जाडी आणि गटिंग. मूठ बारीक असली तर हात ती नकळत जास्त आवळतो. आवळलेला हात फिरत नाही आणि दुखतो. पट्टी गुंडाळून जाडी वाढवता येते. गटिंगचे असे, की ताण जास्त म्हणजे जोर जास्त, ही समजूत चुकीची आहे. सैल जाळी फुलाला झोळीसारखी घेऊन फेकते. तिच्यात जोर फुकट मिळतो आणि मधली चांगली जागा मोठी असते. ताणलेली जाळी फुलाला लवकर सोडते, नेम अचूक होतो, पण जोर स्वतःचा लागतो आणि फूल मध्यापासून जरा सरकले तर हाताला झिणझिण्या येतात. नामांकित खेळाडू तीस पौंडांच्या आसपास ताण घेतात. संध्याकाळी कामावरून येऊन खेळणाऱ्याला बावीस-तेवीस पुष्कळ. आपल्या रॅकेटला किती सोसते ते तिच्यावर छापलेले असते, आणि गटिंगवाल्याला ते वाचायला सांगण्यात संकोच करू नये.

हे सर्व आम्ही इतके लावून का सांगतो, त्याचे कारण एक मुलगा आहे. त्याचे नाव आणि कारखान्याचे नाव येथे नको. कंत्राटी कामगार, तेवीस वर्षांचा, प्रेसवर. खेळात हुशार. त्याने पैसे साठवून, मित्राकडून उसने घेऊन, जगज्जेत्यांच्या हातात असते तसली दहा हजारांवरची रॅकेट आणली. अतिशय ताठ, माथ्याला जड, वर अठ्ठावीस पौंडांचे गटिंग. तीन महिन्यांत त्याच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली. आधी चहाचा कप उचलताना, मग प्रेसचा दांडा ओढताना. पाळीचा आकडा भरेना. ठेकेदाराने त्याला चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी 'उद्या येऊ नको' म्हणून सांगितले. राज्य विमा योजनेतून आजारपणाचा भत्ता मिळावा म्हणून आम्ही कागद काढले, तर सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि त्याची ठेकेदाराने मधूनमधून खंड दाखवल्यामुळे भरलेली नव्हती. एका रॅकेटने सुरू झालेली गोष्ट कुठे जाऊन पोहोचली पाहा.

कोणी म्हणेल, दोष त्याच्या हौसेचा. आम्ही तसे म्हणणार नाही. चांगल्या हत्याराची हौस नसलेला कामगार आम्हाला अजून भेटायचा आहे. ज्या हातावर पोट आहे त्याच हाताने तो खेळतो. आणि प्रेसवर दिवसभर ताण घेतलेल्या हाताला संध्याकाळी कसली रॅकेट झेपेल, हे दुकानातल्या कोणीही त्याला विचारले नाही. जाहिरातीतला विजेता दिवसभर प्रेस ओढत नाही. त्याच्यामागे मालीश करणारा असतो, वैद्य असतो, आणि दुखले तर विश्रांती असते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो दीड महिना खेळला नाही. नंतर आम्ही त्याला ४यू, समतोल, मध्यम लवचिक रॅकेट दिली, गटिंग बावीसचे केले, मुठीवर एक पट्टी वाढवली. सगळ्यांत अवघड गेले ते त्याची मूठ सैल करणे. प्रेसचा दांडा आवळून धरायचा असतो, आणि हात ती सवय कोर्टावर घेऊन येतो. त्याच्या मुठीत आणि दांड्यात आम्ही एक बोट सारून पाहायचो. बोट शिरले नाही तर खेळ थांबवायचा. आज तो खेळतो. त्याच्या नोकरीचे प्रकरण अजून चालू आहे, आणि ते आम्ही सोडलेले नाही.

त्याची ती महागडी रॅकेट गोदामात खिळ्यावर टांगलेली असते. तो म्हणतो, ठेवा, खांद्यात जोर आला की घेईन. घेईलही.

फुलाविषयी दोन शब्द सांगून संपवतो. खऱ्या फुलाला सोळा पिसे असतात आणि वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातली घ्यावी लागतात. त्यांचा बाक एकसारखा असतो म्हणून फूल उडताना एकाच दिशेने गिरक्या घेते. बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरियाच्या बाजूला घराघरांतून बदकाच्या पिसांची फुले पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. रॅकेटीचे तसेच. १९४७ साली सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरला आणि मेरठला हा धंदा पुन्हा उभा केला. सोळा पिसे एकेक निवडून बुचात खोचायची आणि दोऱ्याने बांधायची. आणि आमच्या गोदामात तेच फूल एका चुकार फटक्याने दहा मिनिटांत पिसारा टाकते. म्हणून आम्ही सरावाला नायलॉनचे वापरतो. मात्र त्याची चाल निराळी. पिसांचे फूल शेवटी एकदम थबकून खाली येते, नायलॉनचे रेंगाळत पुढे जाते. ज्या रॅकेटने पिसांचे फूल मागच्या रेषेवर पडते तिनेच नायलॉनचे बाहेर जाते. तेव्हा रॅकेट पारखताना, ज्या फुलाने रोज खेळायचे त्याच फुलाने पारखावी.

दुकानात जाल तेव्हा रॅकेट आधी फिरवा, मग वजन वाचा, किंमत शेवटी. शक्य तर ओळखीच्याची उसनी घेऊन दोन संध्याकाळी खेळा.

वेळ झाला आहे. प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने विचारावेत. नंतर ज्यांना हौस आहे त्यांनी मेजापाशी यावे आणि चारही रॅकेट हातात घेऊन पाहाव्यात. कार्बनच्या दोन्हींची नावे आम्ही झाकूनच आणली आहेत. लाकडीला शिकंज्यातून काढताना तेवढे जपून. डाव्या बाजूच्या वरच्या स्क्रूचा आटा गेलेला आहे, तो हळू फिरवावा लागतो.